काळ्या सम्राटाचे कारकून

लोकप्रिय कादंबरीत खलपुरुषांचे अनेक प्रकार आढळतात. इस्टेटीवर डोळा ठेवणारा चुलता, गहाणखत दडवणारा सावकार, मित्राचा विश्वासघात करणारा मित्र, हे झाले घरगुती खल. आकाराने यांच्याहून कितीतरी मोठा असा आणखी एक प्रकार आहे. त्याला मी सोयीसाठी 'खलसम्राट' म्हणतो. त्याला एखादी वाडी वा तिजोरी पुरत नाही, राज्येच्या राज्ये हवी असतात. तो दुर्गम ठिकाणी राहतो, त्याच्याभोवती बिनचेहऱ्याचे सैन्य असते आणि तो मेला की त्याचा सगळा पसारा त्याच क्षणी कोसळतो. १८९३ साली कॉनन डॉयलने शेरलॉक होम्ससमोर उभा केलेला प्रोफेसर मोरिआर्टी हा या घराण्यातला एक पूर्वज. १९८७ सालच्या 'मिस्टर इंडिया'मधला मोगँबो तर आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे.

हा प्रकार वाचकांना इतका प्रिय का, याचे उत्तर मला त्याच्या सोयीत दिसते. जगातल्या सगळ्या दुष्टपणाला एकच पत्ता मिळाला की वाचक निश्चिंत होतो. तो पत्ता आपला नसतो! आपण नायकाच्या बाजूने लढतो आणि हात न मळता पुस्तक मिटतो.

आपल्या परंपरेने ही सवलत सहजासहजी दिलेली नाही. रावण बलाढ्य आहे, पण त्याच्याभोवतीची माणसे बिनचेहऱ्याची नाहीत. बिभीषण भर सभेत विरोध करतो आणि लंका सोडतो. कुंभकर्ण भावाची चूक त्याच्या तोंडावर सांगतो, तरीही त्याच्याच बाजूने लढून मरतो. मारीच सर्वांत विचार करायला लावणारा. हे कृत्य घातक आहे हे तो जाणतो, रावणाला तसे बजावतोही. पण जिवाची धमकी मिळताच कांचनमृग होतो. रामायणात रावणाच्या प्रत्येक माणसाला स्वतःचा निर्णय स्वतः घ्यावा लागतो. म्हणून खलसम्राटाची कोणतीही कादंबरी हाती आली की मी एकच प्रश्न विचारतो: याच्या दरबारात बिभीषणाला आणि मारीचाला जागा आहे काय?

या कसोटीवर जे. आर. आर. टोल्किनची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी तपासून पाहण्यासारखी आहे. ती १९५४-५५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाली. मुग्धा कर्णिक यांनी तिचा 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठी अनुवाद केला आहे. आजच्या अद्भुत कादंबरीतले बहुतेक खलसम्राट तिच्यातल्या सॉरॉनच्या साच्यातून निघाले आहेत. नक्कल करणाऱ्यांनी त्याचा काळा मनोरा घेतला, काळे सैन्य घेतले; पण टोल्किनने त्याच्याभोवती जे प्रशासन रचले होते, त्याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

सॉरॉन या प्रदीर्घ कथेत प्रत्यक्ष समोर येतच नाही. त्याचा धाक जाणवतो, त्याचा डोळा जाणवतो, आणि भेटतात ते त्याचे नोकर. त्याचा एक वकील शत्रुसैन्याशी बोलणी करायला येतो. तो माणूसच आहे, पण धन्याचा आवाज होऊन इतका काळ लोटला आहे की तो स्वतःचे नाव विसरला आहे. त्याच्या राज्यातला एक ऑर्क सैनिक दुसऱ्याला धमकावतो तो तुझे नाव आणि क्रमांक वर कळवीन म्हणून. दोन ऑर्क नायक वरिष्ठांच्या नावाने कुरकुरतात आणि युद्ध संपले की बड्या साहेबांपासून दूर कुठेतरी आपले स्वतंत्र बस्तान बसवू, अशी स्वप्ने रंगवतात. ज्याने सरकारी कचेरीत जन्म काढला आहे, त्याला हे संभाषण परके वाटणार नाही.

टोल्किनचा दोष मात्र लपवण्यात अर्थ नाही. अंगठी नष्ट होऊन सॉरॉन कोसळतो आणि त्याचे ऑर्क राणी मेलेल्या मुंग्यांप्रमाणे सैरावैरा धावत सुटतात. इतका वेळ कुरकुरणारे, स्वप्ने पाहणारे, एकमेकांची चुगली करणारे हे जीव अखेरीस बाहुली ठरतात. त्यांच्यात एकही बिभीषण निघत नाही. लेखक निघू देत नाही. सॉरॉनच्या बाजूने लढलेल्या माणसांना क्षमा मिळते. गुलामांना नुर्नेन सरोवराकाठची जमीन त्यांच्या मालकीची म्हणून मिळते. महसुली कामात आयुष्य गेलेल्या मला या एका वाक्याच्या तपशिलाने विलक्षण समाधान दिले. ऑर्कांच्या वाट्याला मात्र फक्त मरण येते. इथे कादंबरी सोयीच्या शेवटाला शरण गेली आहे.

पण ती इथे संपत नाही, आणि माझ्या मते हेच तिचे मोठेपण आहे. सम्राट संपल्यावर चारही हॉबिट आपल्या शायर या हिरव्यागार, सुखवस्तू मुलखात परततात. तिथे पुलावर फाटक बसले आहे. जागोजागी नियमांचे फलक लागले आहेत. खानावळी बंद आहेत, पाहुण्याला रात्री ठेवून घ्यायला मनाई आहे. समान वाटपाच्या नावाखाली धान्य गोळा होते आणि परत येत नाही. या सर्वांमागे सारुमान नावाचा पदच्युत, हिणकस झालेला जादूगार आहे खरा. पण फलक लावणारे, फाटक राखणारे, शेजाऱ्याची खबर देणारे हॉबिटच आहेत. फ्रोडो म्हणतो, हेही मॉर्डॉरच. सॉरॉनच्या राज्याचे नाव तो स्वतःच्या गावाला देतो!

तिथे रॉबिन स्मॉलबरो नावाचा एक शिपाई आहे. तो सॅमचा जुना परिचित. त्याला हे काही आवडत नाही. मग नोकरी सोड, असे सॅम सांगतो. तशी परवानगी नाही, असे उत्तर येते. हा टोल्किनचा मारीच. काळ्या मनोऱ्याच्या सावलीत जो सापडला नाही, तो गावच्या चौकीत सापडला.

हे उत्तर वाचताना मी थबकलो, कारण ते मी स्वतः दिलेले आहे. नोकरीच्या उमेदवारीच्या काळात वृद्धांच्या निवृत्तिवेतनाची एक यादी माझ्यापुढे आली. एक कागद कमी असलेल्यांची नावे वगळायची होती. त्यांतल्या कित्येकांना तो कागद मिळणे अशक्य आहे, हे मला ठाऊक होते. मी सही केली. पुढे एक म्हातारी दाराशी येऊन बसली, तेव्हा म्हणालो, "आजी, माझ्या हातात काही नाही. वरून आदेश आहे." वर कोणी सम्राट बसलेला नव्हता. माझ्यासारखेच कोणीतरी होते आणि तेही वरच बोट दाखवत होते. मी निदान एक टिपण लिहू शकलो असतो. ते लिहिले नाही.

आपल्या इंदूरच्या जुन्या मराठी घराण्यांपैकी कितीतरी होळकर दरबारच्या चाकरीत इथे रुजली. कारकून, कमाविसदार, फडणीस ही पदे आपल्या आडनावांत आणि आठवणींत आजही आहेत. आज्ञापालन हा आपल्या घरांतला गुण मानला गेला, आणि तो गुण आहेही. म्हणूनच खलसम्राटाची कथा आपण वाचावी ती सम्राटाकडे न पाहता, त्याच्या दप्तराकडे पाहून.

पीटर जॅक्सनने या कादंबरीवर २००१ ते २००३ या काळात तीन चित्रपट काढले. शेवटच्याला अकरा ऑस्कर मिळाली. शायरच्या या दुर्दशेचे प्रकरण मात्र त्यातून वगळले गेले. चित्रपटाच्या लांबीचा विचार करता ते समजण्यासारखे आहे. पण त्यामुळे करोडो प्रेक्षकांपर्यंत पोहोचला तो मनोरा कोसळल्याचा आनंद. घरच्या फाटकाचा हिशेब पुस्तकातच राहिला. हे प्रकरण युद्धोत्तर इंग्लंडचे चित्र आहे, हा तर्क टोल्किनने दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नाकारला होता. ते बरेच झाले. नाहीतर आपण त्याचाही पत्ता इंग्लंडचा लिहून मोकळे झालो असतो.

शायर मुक्त होते ती एका चकमकीनंतर. तीत एकोणीस हॉबिट मरतात. हॉबिटाने हॉबिटाला मारू नये, असे फ्रोडो बजावतो. पुढे काही काळ तो प्रभारी नगराध्यक्ष होतो आणि त्या पदावर राहून एकच काम करतो: शिपायांची वाढलेली संख्या आणि वाढलेले अधिकार पूर्ववत करतो. जगाला वाचवणाऱ्या नायकाचे शेवटचे सार्वजनिक कृत्य म्हणजे आस्थापनेवरचा एक साधा आदेश! खलसम्राटाच्या कथांमध्ये इतका अचूक शेवट माझ्या वाचनात दुसरा नाही. रॉबिनचे पुढे काय झाले, ते टोल्किनने सांगितलेले नाही. तो आपल्या घरी परतला असावा, आणि गावाने त्याला परत घेतले असावे, असे मला वाटते. तसे वाटून घेण्यात माझा थोडा स्वार्थही आहे.