डच शब्दाघात आणि अक्षराचे गुरुत्व

डच भाषेत शब्दाघात अर्थभेदक आहे, याविषयी दुमत नाही. 'कानॉन' या शब्दात आघात पहिल्या अक्षरावर पडला तर 'प्रमाणग्रंथांचा संग्रह', आणि दुसऱ्यावर पडला तर 'तोफ', असा अर्थ होतो. वाद आहे तो आघाताचे स्थान कशाने ठरते याविषयी. हॅरी फान डर हुल्स्ट (१९८४) व रेने कागर (१९८९) यांच्या विवेचनात हे स्थान अक्षराच्या गुरुत्वावर अवलंबून मानले आहे. प्रस्तुत टिपणात या 'गुरुत्वा'च्या कल्पनेची परीक्षा करावयाची आहे.

या मताला आधार आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. असामासिक शब्दात मुख्य आघात शेवटच्या तीन अक्षरांपैकी एकावर पडतो. उपान्त्य अक्षर व्यंजनान्त असेल तर त्याला ओलांडून आघात सहसा मागे जात नाही. 'आखेंडा' (कार्यक्रमपत्रिका) या शब्दात तो मधल्या अक्षरावरच आहे.

अडचण पुढे आहे. आपल्या छंदःशास्त्रात दीर्घ स्वराने किंवा पुढील संयोगाने अक्षर गुरू होते. डचमध्ये मात्र व्यंजनान्त ऱ्हस्व अक्षर गुरू आणि स्वरान्त दीर्घ अक्षर लघू ठरवावे लागते. अदिती लाहिरी व जॅक कोरमन यांनी १९८८ मध्ये याच विसंगतीकडे लक्ष वेधले होते. दीर्घत्व निराळे आणि गुरुत्व निराळे, असे म्हटल्याने नियम वाचतो खरा. परंतु मग गुरुत्व म्हणजे काय? जे आघात ओढून घेते ते गुरू, आणि गुरू म्हणून आघात ओढून घेते, हे चक्र झाले.

यातून सुटण्यास स्वतंत्र पुरावा हवा, आणि तो उपलब्ध आहे. ज्यांना 'दीर्घ' म्हटले जाते त्या स्वरांपैकी 'ई' व 'ऊ' हे उच्चारात 'र'पूर्वी सोडून इतरत्र ऱ्हस्वच असतात. तेव्हा हा भेद कालमानाचा नसून दृढ व शिथिल स्वरांचा आहे. उद्गारवाचक शब्द वगळता शिथिल स्वर शब्दाच्या अंती येत नाही. त्याला व्यंजनाची जोड लागते. म्हणजे आघाताला खरोखर प्रयोजक आहे ती अक्षराची व्यंजनान्तता. तिला तिच्याच नावाने ओळखणे अधिक प्रांजळ होईल.

तथापि एवढ्यानेही प्रश्न संपत नाही. 'कानाडा' (देशनाम), 'पियामा' (आपलाच पायजमा) आणि 'शोकोला' (चॉकलेट) या तिन्ही शब्दांतील सर्व अक्षरे स्वरान्त आहेत. आघात मात्र अनुक्रमे पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या अक्षरावर आहे. यांतील मधले स्थान सामान्य मानले, तरी उरलेल्या दोहोंची नोंद शब्दागणिक करावीच लागते. हे अपवाद उपरोक्त अभ्यासकांनीही नाकारलेले नाहीत. प्रश्न त्यांना सिद्धान्तात कोणते स्थान द्यावयाचे हा आहे. अक्षररचना आघाताच्या संभाव्य जागा मर्यादित करते. त्यांतील एकीची निवड पुष्कळदा कोशच करतो. नियमाचा अधिकार एवढाच आहे, आणि तो एवढाच सांगणे हे वर्णनात्मक भाषाशास्त्राचे कर्तव्य आहे.