शेवटचे कडवे

दिवाळी अंकातला टीकालेख वाचक फराळ आटोपल्यावर आणि दुपारच्या डुलकीपूर्वी हाती घेतात, हे मला ठाऊक आहे. तेव्हा आरंभीच सांगून टाकतो की, हा लेख छापील कवितेवर नसून गाण्यांवर आहे. आणि तीही अशी गाणी, की जी पुष्कळांच्या कानांवरून गेली आहेत, पण ज्यांच्या कर्त्याचे नाव फार थोड्यांना सांगता येईल.

आमच्या कासारसाईला साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला म्हणजे ऊसतोडकऱ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. त्यांतली काही मुले महिना-दोन महिने माझ्या वर्गात येऊन बसतात. अशाच एका मुलाने एकदा शनिवारी सर्वांसमोर एक गाणे म्हटले. मी विचारले, "कुणाचं रे हे?" तो म्हणाला, "वामनदादांचं, गुरुजी. शेवटी नाव हाय की त्यांचं!" मी ओशाळलो. ते गाणे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण आमच्या घरच्या कॅसेटवर शेवटचे कडवेच नव्हते.

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म 1922 सालचा, नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यात देशवंडी या गावचा. (आंबेडकरी जलशाचे भीमराव कर्डक ते निराळे. दोघेही नाशिककडचेच, त्यामुळे भलेभले घोटाळा करतात.) बाप लवकर गेला. पोट भरण्यासाठी मुंबई गाठली, शिवडीच्या चाळीत बिऱ्हाड केले. तेथे कोणी एकाने वाचून दाखवायला पत्र पुढे केले, तेव्हा या तरुणाला अक्षर येत नव्हते. ती शरम मनाला इतकी लागली, की देहलवी मास्तरांकडून त्यांनी मुळाक्षरे गिरवली आणि दुकानांच्या पाट्या वाचून जोडाक्षरे पक्की केली. 1943 मध्ये पहिले गाणे रचले, तेही एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर विडंबन म्हणून. 2004 मध्ये देह ठेवीपर्यंत ही लेखणी थांबली नाही. गाण्यांची संख्या हजारांत मोजावी लागते. 'वाटचाल' (1973) आणि 'मोहळ' (1976) हे संग्रह निघाले. 'सांगत्ये ऐका' (1959) या गाजलेल्या बोलपटातही त्यांचे गीत आहे. तरीही आमच्या वाङ्मयेतिहासकारांच्या पंगतीत या माणसासाठी पाट मांडलेला मला क्वचितच दिसला.

कारण काय? सिनेमाच्या चाली घेतो, प्रचार करतो, हा एक आक्षेप. तो अर्धा खरा आहे. वामनदादांनी फार लिहिले. त्यातले पुष्कळ जयंतीच्या मंडपापुरते आहे, आणि तीच ती यमके पुनःपुन्हा भेटतात. हे लपवून त्यांचा गौरव होणार नाही. पण चांगले काढून पाहा! बाबासाहेबांना उद्देशून, तुमच्या मताचे निदान पाच जण जरी असते तर, अशी कल्पना करणारी त्यांची एक रचना आहे. अनुयायांना दिलेली इतकी कडवट चपराक मला दुसऱ्या गौरवगीतात आढळली नाही. ज्यांच्यापुढे गायचे त्यांचेच माप काढायचे, हे धैर्य दरबारी कवीचे नव्हे. आता तिची बांधणी पाहा. 'असते' हा रदीफ, त्याआधी नेमका काफिया, आणि वृत्त आनंदकंद. सुरेश भटांच्या पहाटेच्या त्या सुप्रसिद्ध गाण्याचे वृत्तही हेच. छंदःशास्त्राची पोथी न उघडलेल्या माणसाने ते निव्वळ कानाने साधले. दुसऱ्या एका गाण्यात ते टाटा-बिर्लांची नावे घेऊन आमचा वाटा कुठे आहे असे विचारतात. बाजारातल्या माणसाने हिशेब मागावा तसा तो सूर आहे, आणि म्हणूनच तो झोंबतो.

आता पुन्हा त्या कडव्याकडे येतो. तुकोबांच्या अभंगाप्रमाणे वामनदादाही शेवटी आपले नाव गुंफीत. ज्याची गाणी शंभर तोंडांनी गायली जाणार, त्याने मालकीची खूण गाण्याच्या आतच ठेवलेली बरी. परंतु जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत; पुढे फीत आली, तरी आटोपते घेण्याची सवय राहिली. कात्री लागली की ती शेवटाला लागते, आणि नेमके नाव जाते. माझ्या त्या कॅसेटच्या खोक्यावर गायकाचा रंगीत फोटो आहे, वादकांची नावे आहेत, कवीचे नाही.

त्यांच्या स्वतःच्या आवाजातले ध्वनिमुद्रण मी प्रथम ऐकले ते एका स्नेह्याकडे. कार्यक्रमात कुणीतरी साध्या टेपवर घेतलेले, मागे मुलांचा गलका. आवाज थकलेला, गोडवा बेताचाच. पण सराईत गायक जेथे तान घेतात तेथे ते थांबतात, शब्द जरा पुढे सरकवतात आणि श्रोत्यांकडे पाहात असावेत असे वाटते. पाहता पाहता गलका थांबतो. नामांकित गळ्यांनी गायलेली तीच गाणी मला त्यानंतर थोडी गुळगुळीत वाटू लागली.

दिवाळीच्या झाडलोटीत माळ्यावरच्या जुन्या कॅसेटी हमखास खाली येतात आणि भंगारवाल्याकडे जातात. यंदा त्या टाकण्यापूर्वी एकदा लावून पाहा. एखादीवर गलक्यातून असा थकलेला आवाज निघाला, तर ती घडी मोडू देऊ नका. फितीला बुरशी आली असेल तर जाणत्याकडून आधी ती पुसून घ्या, आणि मगच उतरवून काढा. त्या मुलाची टोळी यंदा आली, तर त्याच्याकडून मला उरलेली दोन कडवी लिहून घ्यायची आहेत.