ग्रेचं पुस्तक आणि आपलं मनगट

मेडिकलला जायच्या आधीच अ‍ॅनाटॉमी उरकावी म्हणून बरेच जण ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ उघडतात. १८५८ च्या पहिल्या आवृत्तीची खरी ताकद हेन्री कार्टरच्या चित्रांत आहे. हाच कार्टर पुढे मुंबईत, ग्रँट मेडिकल कॉलेजात अ‍ॅनाटॉमी शिकवायचा. त्याच्या चित्रांत नावं थेट हाडांवर, स्नायूंवर लिहिलेली. खालची यादी धुंडाळावी लागत नाही.

पण गफलत इथेच होते. चित्र एकच, म्हणून सगळ्यांची शरीरं तशीच वाटू लागतात. अंगठा करंगळीला टेकवून मनगट थोडं आत वाकवा. मधोमध उठून दिसते ती पामारिस लाँगस स्नायूची कंडरा. काहींच्या हातात ती नसतेच! चित्र आणि हात जुळले नाहीत, तर हातावर विश्वास ठेवा.