चाळीस पट, पण कशाच्या?

रावेर तालुक्यातल्या एका विज्ञान प्रदर्शनात मोहरी, मुळा आणि कोबीच्या कोवळ्या रोपांचा प्रकल्प पाहिला. तीन ट्रे, त्यांत बोटभर उंचीची दाट रोपे आणि मागे तक्ता : 'मायक्रोग्रीन्समध्ये ४० पट अँटिऑक्सिडंट'. केळीच्या मुलखात मुलांनी हौसेने मोहरी पेरली याचे कौतुक वाटले. तक्त्याबद्दल मात्र तक्रार आहे आणि ती मुलांपेक्षा आपणा शिक्षकांबद्दल अधिक आहे.

हा ४० चा आकडा २०१२ सालचा. मेरीलँड विद्यापीठ आणि अमेरिकेचे कृषी खाते यांतील शास्त्रज्ञांनी २५ प्रकारच्या कोवळ्या रोपांतील जीवनसत्त्वे व कॅरोटिनॉइडे मोजली. लाल कोबीच्या रोपांत ई जीवनसत्त्व वाढलेल्या कोबीच्या सुमारे ४० पट भरले. म्हणजे एका भाजीतले एकच जीवनसत्त्व! शिवाय वाढलेल्या कोबीचे आकडे तयार कोष्टकातून घेतलेले होते. कोबीत ई जीवनसत्त्व असते तरी किती? नावापुरते. त्यासाठी कोणी कोबी खात नाही, मूठभर शेंगदाणे पुरतात. याच रोपांत क जीवनसत्त्व १०० ग्रॅममागे १४७ मिलिग्रॅम आढळले, हे खरोखर चांगले आहे. पण भाकरीबरोबर खाल्ली जाणार जेमतेम १० ग्रॅम, म्हणजे १५ मिलिग्रॅम. अर्धा पेरू त्याहून कितीतरी जास्त देतो.

मुलांनी प्रयोगही दाखवला. तांदळाच्या पेजेत आयोडीन घालून निळा रंग आणला, रोपांचा रस टाकताच तो गेला. 'हे अँटिऑक्सिडंट!' खरे तर एवढेच दिसले की रसात आयोडीनचे क्षपण करणारे काहीतरी आहे, बहुधा क जीवनसत्त्व. लिंबाच्या रसानेही तेच होते. समान वजनाची रोपे, कोबीचे पान आणि पेरू घेऊन थेंब मोजले असते, तर तुलना तरी झाली असती. परीक्षानळीत घडते ते शरीरात घडेलच असे नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अशा क्षमतेची आपली 'ओरॅक' यादी २०१२ मध्येच काढून टाकली, ती याच कारणाने.

गंमत म्हणजे या कुलाची खरी खासियत तक्त्यावर नव्हतीच. मोहरीच्या पेशीत ग्लुकोसिनोलेट आणि मायरोसिनेज हे विकर वेगवेगळे ठेवलेले असतात. पेशी चिरडली की दोन्ही एकत्र येतात आणि झोंबणारे आयसोथायोसायनेट तयार होते. मोहरीचा दाणा चावा : क्षणभर काही नाही, मग ठसका. फोडणीत तडतडलेला दाणा चावा : झोंबत नाही, कारण तापलेल्या तेलात विकर निकामी झालेले असते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९९७ साली फाहे, झांग आणि तलालाय यांना ब्रोकोलीच्या तीन दिवसांच्या मोडांत अशा एका ग्लुकोसिनोलेटचे प्रमाण वाढलेल्या झाडाच्या १० ते १०० पट आढळले. त्यापासून बनणारे सल्फोराफेन प्रामुख्याने शरीराच्या स्वतःच्या संरक्षक विकरांना चालना देते. अँटिऑक्सिडंट म्हणायचेच तर आडमार्गाचे. प्रकल्पाला हा विषय किती छान होता! आणि खर्च चिमूटभर मोहरीचा.

तक्त्यावर कोबीच्या कुलात मेथीही घातली होती. ती शेंगावर्गातली. आपल्या ओळखीचा हळीव मात्र कोबीचाच भाऊबंद, त्याचे नाव नव्हते.

ही चूक खोडरबराने निघेल. पण ट्रेशेजारी उरलेले बी पाहिले, ते गुलाबी होते. कृषी केंद्रातून आणलेले, पेरणीसाठी बुरशीनाशक चोळलेले. आणि परीक्षकांना चाखायला त्याच ट्रेमधली रोपे बशीत मांडलेली! पुडीवरची विषाची खूण कोणी पाहिली नव्हती, मार्गदर्शक शिक्षकांनीही नाही. बशी उचलायला सांगितली. खाण्याच्या प्रयोगाला बी वाण्याकडचे, स्वयंपाकाचेच घ्यायचे. ट्रेमध्ये पिण्याचे पाणी घालायचे आणि रोपे खाण्यापूर्वी धुवायची, हे तक्त्यावर सर्वांत वर लिहायला हवे होते.