सनदी लेखापाल परीक्षेचे तयारीवर्ग : चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात तौलनिक चिकित्सा

प्रस्तावना

बारावी वाणिज्य शाखेचा निकाल लागला की चंद्रपूर, वरोरा, ब्रह्मपुरी, गडचिरोली, अहेरी येथील काही विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे एक प्रश्न हमखास उभा राहतो. सनदी लेखापाल म्हणजेच सी.ए. होण्यासाठी कोणता वर्ग लावावा? नागपूर-पुण्यास खोली घेऊन राहावे, घरी बसून ध्वनिचित्रित तासिका विकत घ्याव्यात, की संस्थेच्या विनामूल्य साहित्यावर भिस्त ठेवावी? या प्रश्नाचे उत्तर बहुधा जाहिरातीतील छायाचित्रांवरून, नात्यातील एखाद्या उत्तीर्ण मुलाच्या सल्ल्यावरून किंवा शुल्काच्या आकड्यावरून ठरते. हे निकष कितपत ग्राह्य आहेत आणि या दोन जिल्ह्यांतील विद्यार्थ्यासाठी कोणते निकष असावेत, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हा प्रश्न केवळ काही कुटुंबांचा नाही. चंद्रपूर जिल्ह्यात कोळसा खाणी, औष्णिक वीज केंद्र, सिमेंटचे कारखाने व बल्लारपूरचा कागद कारखाना आहे. गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखनिजाबरोबर नवा उद्योग आला आहे. दुसरीकडे वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या मेंढा (लेखा) या गावाने २०११ पासून स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबूची विक्री सुरू केली आणि पुढे अनेक ग्रामसभा बांबू व तेंदूपानांचा व्यवहार करू लागल्या. जंगलाचा जमाखर्च गावाच्या हाती आला. परंतु त्यावर लेखापरीक्षक म्हणून स्वाक्षरी करण्याचा अधिकार ज्या परीक्षेतून मिळतो, तिची वाट मात्र अजून जिल्ह्याबाहेरूनच जाते.

परीक्षेचे स्वरूप

भारतीय सनदी लेखापाल संस्था १९४९ च्या अधिनियमान्वये स्थापन झाली. १ जुलै २०२३ पासून तिची नवी शिक्षण व प्रशिक्षण योजना अमलात आली. त्यानुसार फाउंडेशनच्या चार, इंटरमिजिएटच्या सहा व फायनलच्या सहा प्रश्नपत्रिका असून प्रात्यक्षिक प्रशिक्षणाचा कालावधी तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आला. प्रत्येक प्रश्नपत्रिकेत किमान ४० टक्के व एकूण ५० टक्के गुण आवश्यक असतात. फाउंडेशनच्या जून २०२४ च्या परीक्षेस बसलेल्या ९१,९०० विद्यार्थ्यांपैकी १३,७४९ म्हणजे १४.९६ टक्के उत्तीर्ण झाले. सातांपैकी सहा विद्यार्थी पहिल्याच पायरीवर थांबतात, हे या आकड्यांचे तात्पर्य होय.

येथे एक बाब विशेष लक्षात घेतली पाहिजे. फाउंडेशनच्या लेखाकर्म व व्यवसायविषयक कायदे या दोन प्रश्नपत्रिका लेखी, दीर्घोत्तरी आहेत; उरलेल्या दोन वस्तुनिष्ठ असून त्यांत चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा होतो. पुढील दोन्ही स्तरांवर सर्वसाधारणपणे वस्तुनिष्ठ भाग ३० टक्के व वर्णनात्मक भाग ७० टक्के आहे. म्हणजेच ही परीक्षा प्राधान्याने हाताने उत्तर लिहिण्याची परीक्षा आहे. तयारीवर्गांची तुलना याच कसोटीवर व्हावयास हवी.

अमेरिकेतील सी.पी.ए. परीक्षेशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. ती परीक्षा २००४ पासून संगणकावर होते आणि २०२४ मधील बदलांनंतर तिच्यात लेखननिबंधाचा भागही उरलेला नाही. त्यामुळे तेथील तयारी अभ्यासक्रमांची तुलना प्रश्नपेढीचा आकार व संगणकाकडून होणारी तपासणी यांवरून करणे सयुक्तिक ठरते. तेच निकष जसेच्या तसे आपल्याकडे आणल्यास मूळ मुद्दाच निसटतो.

उपलब्ध पर्यायांचे मूल्यमापन

पहिला पर्याय संस्थेच्या स्वतःच्या साहित्याचा. अभ्याससाहित्य, प्रत्येक परीक्षेपूर्वीची उजळणी प्रश्नपत्रिका, सराव प्रश्नपत्रिका आणि परीक्षेनंतरची सूचित उत्तरे ही सर्व सामग्री संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. थेट ऑनलाइन वर्गही विनाशुल्क आहेत. अधिकृतता व अद्ययावतता या दोन्ही बाबतींत याला तोड नाही. मर्यादा एवढीच की हे साहित्य विस्तृत आहे व नवख्या विद्यार्थ्यास त्यातून वाट काढणे कठीण जाते. सूचित उत्तर वाचताना ‘हे आपल्याला येत होते’ असा समज होतो; प्रत्यक्ष लिहिलेल्या उत्तरात काय चुकले, ते छापील उत्तर सांगत नाही.

दुसरा पर्याय खासगी ध्वनिचित्रित वर्गांचा. संपूर्ण वर्ग व जलद उजळणी वर्ग असे त्याचे दोन प्रकार असून विशिष्ट मुदत व पाहण्याची ठरावीक मर्यादा घालून ते विकले जातात. कुशल अध्यापकाचे विवेचन सिरोंचा-एटापल्लीच्या विद्यार्थ्यालाही ऐकता येते, हा त्याचा मोठा गुण नाकारता येणार नाही. तथापि कायदा व करविषयक तासिका लवकर जुन्या होतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराच्या दरांची फेररचना झाली. आयकर अधिनियम, २०२५ च्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. कोणता कायदा कोणत्या परीक्षेस लागू, हे संस्था जाहीर करते. ते न पाहता थोरल्या भावाने घेतलेल्या जुन्या तासिका वापरणे म्हणजे बदललेल्या रस्त्यावर जुना नकाशा घेऊन निघणे होय.

तिसरा पर्याय शहरातील प्रत्यक्ष वर्गाचा. चंद्रपूरहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर आहे. सिरोंचाहून हे अंतर दुपटीहून अधिक होते. वर्गाच्या शुल्काहून खोली, खाणावळ व प्रवास यांचा भार अनेकदा जड ठरतो. नियमितता, सोबतीचे विद्यार्थी आणि शंका विचारण्याची सोय हे त्याचे खरे मोल आहे. पण मोठ्या तुकडीत विद्यार्थ्याची वही तपासली जातेच असे नाही.

जाहिरातींतील गुणवंतांच्या संख्येबाबतही सावधगिरी हवी. किती विद्यार्थ्यांपैकी किती उत्तीर्ण झाले, हा छेद तेथे दिलेला नसतो. एकच विद्यार्थी लेखाकर्म एकाकडे, कायदा दुसऱ्याकडे व सराव परीक्षा तिसऱ्याकडे करीत असल्यास त्याचे यश तिघांच्याही खाती जमा होऊ शकते. नामे बाजू न दाखविता केवळ जमा बाजू दाखविणारा हा हिशेब वाणिज्याच्या अध्यापकांना तरी मान्य होऊ नये.

भाषेचा प्रश्न

ही परीक्षा इंग्रजी किंवा हिंदी माध्यमातून देता येते, मराठीतून नाही. खासगी वर्गांत हिंदी-इंग्रजी मिश्र बोली चालते. हिंदी ही मराठी विद्यार्थ्यास सोपी, असे गृहीत धरले जाते. पण परिभाषेच्या पातळीवर ते खरे नाही. मराठी माध्यमातून पुस्तपालन शिकलेला विद्यार्थी रोजकीर्द, खतावणी, तेरीज व ताळेबंद जाणतो. हिंदीत त्याला रोजनामचा, खाताबही, तलपट व चिट्ठा हे शब्द भेटतात. धनको-ऋणको यांऐवजी लेनदार-देनदार आले की कोण कोणाचे देणे लागतो, येथेच त्याची गफलत होते. आणि ज्याची घरची भाषा गोंडी, माडिया किंवा तेलुगू आहे, त्याच्यासाठी मराठी हीच शाळेत कमावलेली भाषा असते. तिच्यापुढे आणखी दोन भाषांचे उंबरठे येतात.

नव्या योजनेत फाउंडेशनच्या कायद्याच्या प्रश्नपत्रिकेतून इंग्रजी पत्रलेखन व वृत्तलेखनाचा भाग गेला. त्यामुळे भाषेचा अडसर दूर झाला असे म्हणता येत नाही. कायद्याच्या उत्तरात तरतूद, वस्तुस्थितीशी तिचा संबंध व निष्कर्ष असा क्रम अपेक्षित असतो. अज्ञान व्यक्तीचा करार मुळातच शून्य असतो, हे १९०३ च्या मोहरीबीबी खटल्यापासून स्थिर झालेले तत्त्व विद्यार्थ्याला ठाऊक असते. परंतु ‘व्हॉइड’च्या जागी त्याने ‘व्हॉइडेबल’ लिहिले, तर संपूर्ण निष्कर्ष बदलतो. तासिका ऐकताना ही चूक कधीच उघड होत नाही. कोणीतरी उत्तर वाचून त्या शब्दाखाली रेघ मारली, तरच ती कळते.

निष्कर्ष

वरील तुलनेवरून असे दिसते की, या दोन जिल्ह्यांतील विद्यार्थ्याला उणीव व्याख्यानांची नाही. विनामूल्य व सशुल्क व्याख्याने त्याच्या भ्रमणध्वनीवर भरपूर आहेत. उणीव आहे ती त्याचे लिहिलेले उत्तर वाचून, चूक दाखवून, पुन्हा लिहून घेणाऱ्या अध्यापकाची. म्हणून निवडीचा क्रम बदलणे उचित ठरेल. पाया संस्थेच्या साहित्याचा असावा. जो विषय स्ववाचनाने उलगडत नाही तेवढ्यापुरती तासिका घ्यावी. आणि खर्च करावयाचाच असेल तर तो प्रथम उत्तरतपासणीवर करावा.

या निष्कर्षाचा रोख अखेरीस महाविद्यालयांकडे वळतो. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाचे कार्यक्षेत्र हेच दोन जिल्हे आहेत. येथील वाणिज्य विभागांत करार कायदा, भागीदारी व लेखाकर्म शिकविणारे अध्यापक आहेत. सनदी लेखापाल नसलेल्या अध्यापकालाही फाउंडेशनच्या पातळीवरील कायद्याचे उत्तर तपासता येते. आठवड्यास दोन इंग्रजी उत्तरे लिहून घेणे, ती तपासून परत देणे आणि मराठी-इंग्रजी परिभाषेची एक हस्तपुस्तिका विभागाने सिद्ध करणे, यासाठी वेगळ्या निधीची वाट पाहावी लागत नाही. कार्यभार वाढेल, ही अडचण खरी आहे. मात्र हे काम खासगी वर्गांवर सोपविल्यास ते होईल, अशी अपेक्षा धरण्यास आधार नाही. कारण व्याख्यान एकदा ध्वनिचित्रित करून हजारदा विकता येते, वही मात्र प्रत्येकाची वेगळी तपासावी लागते.