हरवलेल्या विनोदाची साक्ष

१९२७ साली हॉलिवुडमधील हॅल रोच यांच्या चित्रसंस्थेने ‘हॅट्स ऑफ’ हा मूक विनोदी लघुपट काढला. कपडे धुण्याचे यंत्र विकावयास निघालेले लॉरेल व हार्डी ते अवजड धूड एका लांबलचक पायऱ्यांच्या वाटेने वर चढवितात, निष्फळ होऊन खाली आणतात; अखेरीस भर रस्त्यात लोक एकमेकांच्या टोप्यांचा चुराडा करू लागतात. या चित्रपटाची एकही प्रत आज उपलब्ध नाही. काही स्थिरचित्रे व कथानक तेवढे उरले आहे. १९३२ साली त्याच पायऱ्यांवर, यंत्राच्या जागी पियानो योजून, ‘द म्युझिक बॉक्स’ निघाला व त्यास ऑस्कर पारितोषिक मिळाले. तेव्हा मूळ कृती नष्ट झाली तरी फारसे बिघडले नाही, असे कोणी म्हणेल. परंतु आंगिक विनोदाचा प्राण कथानकात नसतो. तो एका फजितीपासून दुसऱ्या फजितीपर्यंतच्या अवकाशात, किती वेळ थांबावे याच्या अचूक जाणिवेत असतो. उत्तरकालीन कृती मूळ विनोदाचा सांगाडा कोणता होता हे सांगते. तो कसा वठला होता हे सांगत नाही.

ही मर्यादा ध्यानी ठेवून मराठी रंगभूमीच्या आरंभाकडे पाहिले पाहिजे. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीस, चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने, विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. या नाटकांत पदे सूत्रधाराने गावयाची व पात्रांनी त्या अनुरोधाने स्वयंस्फूर्त भाषण करावयाचे, अशी रीत होती. आरंभी विदूषक येई आणि सूत्रधाराशी प्रश्नोत्तरे करून प्रेक्षकांस हसवी. भाव्यांच्या आख्यानांतील पदे पुढे छापली गेली. विदूषकाचे बोलणे मात्र संहितेत कधी नव्हतेच. मग त्याच्या चालण्याची, दचकण्याची, तोंड वेंगाडण्याची नोंद कोठून असणार? पुढील पिढीने या नाटकांना राक्षसांच्या आरोळ्यांवरून ‘अललडुर्र’ असे उपहासाने म्हटले. त्या उपहासाच्या ओघात विदूषकालाही बालिश ठरविणे सोपे असते. पण ज्या प्रयोगाची संहिताच नाही, त्याविषयीचा असा निर्णय छापील पदांवरून देता येत नाही.

तमाशाच्या बाबतीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. तासगाव तालुक्यातील सावळज हे शाहीर उमाबाबूंचे गाव. वगाच्या जन्माशी त्यांचे नाव परंपरेने जोडले जाते. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचे गाव. ही दोन्ही गावे पूर्वी सातारा जिल्ह्यात होती. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. बापूरावांच्या लावण्या मुखोद्गत झाल्या, वह्यांत उतरल्या, छापल्याही गेल्या. परंतु त्याच फडांत गौळणीतील मावशीने व पेंद्याने, बतावणीतील व वगातील सोंगाड्याने ज्या क्षणी प्रेक्षकांना हसविले, तो क्षण कोणत्याही वहीत उतरला नाही. शाहिराचे नाव लावणीच्या अखेरच्या चरणात मुद्रेच्या रूपाने टिकते. सोंगाड्याला अशी मुद्रा नसते. हे कलावंत बहुतांशी दलित समाजातील होते, हे लक्षात घेतले म्हणजे हा अभाव केवळ तांत्रिक राहत नाही. जे लिहिले गेले तेच वाङ्मय, असे मानणारा इतिहास त्यांचा वाटा नकळत पुसून टाकतो.

भरताने हास्यरसाच्या विभावांत विकृत वेषाचा व विकृत अलंकाराचा निर्देश केला आहे. म्हणजे हास्य देहाशी निगडित आहे, हे आपल्या शास्त्राला अपरिचित नव्हते. तरीही मराठी विनोदाची चर्चा प्रायः वाचिक विनोदाभोवती फिरते, कारण तो कागदावर सापडतो.

‘हॅट्स ऑफ’ आणि सोंगाड्याचा विनोद यांत एक महत्त्वाचा भेद आहे. चित्रपट एकदा मुद्रित झाला होता आणि त्याच्या प्रती नाहीशा झाल्या. सोंगाड्याचा विनोद मुद्रित झालाच नाही, पण एका सोंगाड्याकडून दुसऱ्याकडे पाहून-पाहून गेला. आजची मावशी गवळणींची वाट अडविणाऱ्यांशी हुज्जत घालते, तेव्हा ती जुन्या सांगाड्याची साक्ष देते; जुन्या प्रयोगाची नव्हे. यास्तव लुप्त विनोदाला क्षुद्र लेखणे जसे निराधार, तसेच त्याचे अतोनात गुणगानही निराधार होय.

अभ्यासकाला येथे एक कर्तव्य उरते. आज उभ्या असलेल्या फडाचे ध्वनिचित्रमुद्रण करताना लावणीबरोबर बतावणीही संपूर्ण घ्यावी, प्रेक्षक कोठे हसले व सोंगाडी त्यांच्यासाठी किती थांबला हे नोंदवावे, आणि त्याचे नाव शाहिराच्या नावाशेजारी लिहावे. सांगलीच्या पहिल्या विदूषकाविषयी जे लिहिता येत नाही, ते निदान आजच्या सोंगाड्याविषयी लिहिता येईल.