सांधा उघडा ठेवणारं घर

मागच्या भागात ‘जुनं घर पाडायचं की वाढवायचं’ यावर बोलताना मी फ्रँक गेरींच्या घराचा उल्लेख घाईत केला होता. त्यावर जरा नीट बोलायला हवं, कारण या घराची नेहमीची स्तुती मला अर्धवट वाटते.

कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिकामध्ये कोपऱ्यावरच्या प्लॉटवर १९२०च्या सुमाराचा एक साधा दुमजली बंगला होता. गेरी आणि त्यांच्या पत्नी बेर्टा यांनी तो १९७७ मध्ये घेतला. गेरींनी तो पाडला नाही. १९७८ मध्ये त्याच्या तीन बाजूंनी नवं घर गुंडाळलं. पन्हळी पत्रा, प्लायवूड, कुंपणाची जाळी. स्वयंपाकघरावर तिरका काचेचा ठोकळा, आणि खाली जमीन चक्क डांबराची! शेजारी भडकले, समीक्षक खूश झाले.

स्तुती सहसा पत्र्यावरच थांबते. मी हे घर फक्त फुटपाथवरून पाहिलंय, पण आतले फोटो नीट बघा. वाढवलेल्या भागात जुन्या बंगल्याची बाहेरची भिंत खिडकीसकट समोर दिसते. म्हणजे जेवायला बसलेल्या माणसाला आपण कुणाच्या तरी जुन्या अंगणात बसलोय हे कळत राहतं. आपण पडवी आत घेतो तेव्हा गिलावा करून सांधा बुजवतो. गेरींनी तो उघडा ठेवला. माझ्या मते खरं काम हे आहे.

मग मुलं मोठी झाली, आणि १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला घर पुन्हा बदललं. पोहायचा तलाव आला, आतलं बरंच काही नीटनेटकं झालं. चाहते हळहळले: कच्चेपणा गेला! इथे मी त्यांच्या बाजूने नाही. दुसऱ्याच्या पूर्ण झालेल्या घराला हात लावूनच हे घर जन्मलं. मग त्याला गोठवून ठेवा असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? २०१२ मध्ये अमेरिकन आर्किटेक्टांच्या संस्थेने पंचवीस वर्षं टिकलेल्या कामाचा पुरस्कार दिला, तोही या बदललेल्या घरालाच.

एक त्रुटी मात्र मान्य करू. इथे आर्किटेक्ट आणि घरमालक एकच, त्यामुळे ‘नाही’ म्हणणारं बाहेरचं कुणी नव्हतं. तुमच्या आईला डांबराची जमीन सुचवून बघा.

हे सगळं आठवायला कारण घरचंच आहे. सांगलीतला आमचा बंगला दादा वाढवतोय. बाबांना जिना चढवत नाही, म्हणून खाली बाथरूमला लागून खोली हवी, आणि त्यात व्हरांडा जातोय. मी इथून, आठ हजार मैलांवरून, व्हरांड्यासाठी तासभर भांडलो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, हळहळणारा चाहता तो मीच.

दुसऱ्या दिवशी दादाला म्हटलं, खोली होऊ दे. फक्त व्हरांड्याकडची ती जुनी खिडकी बुजवू नका, आतल्या भिंतीत तशीच राहू दे.

तो म्हणाला, “बाबांना विचारतो. झोपायचं त्यांना आहे.”